तर्री-पोह्यांची एक प्लेट किती किलोमीटर चालून येते?

झिरोमाईल

रविवारी सकाळी साडेसहाला कस्तुरचंद पार्कजवळच्या ठेल्यावर गेलो होतो. गर्दी व्हायची होती. भाऊ पोहे भिजवत होता आणि मागे त्याचा सगळा पसारा उघडा पडला होता, म्हणून सहज पाहत उभा राहिलो. पोह्यांच्या पोत्यावर छापलेलं: भाटापारा, म्हणजे छत्तीसगड. तेलाचा डबा पामोलिनचा. बटाट्याच्या बोऱ्यावर आग्र्याच्या शीतगृहाचा शिक्का. तिखट कोणतं विचारलं तर 'तेजा', म्हणजे आंध्र-तेलंगणाकडची मिरची. कांदा नाशकाकडचा. चणे? "इतवारीतून आणतो भाऊ, पुढचं दुकानदाराला विचारा." एक सांबार तेवढा हिंगण्याकडचा निघाला (पुण्या-मुंबईच्या मंडळींनी कोथिंबीर असं वाचावं), आणि मे महिन्यात तोही छिंदवाड्याहून येतो म्हणाला.

घरी येऊन वहीत मांडलं. भाटापारा साडेतीनशे किलोमीटर, नाशिक सातशेच्या घरात, आग्रा नऊशेच्या आसपास. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून येतं, तिथे मोजणं सोडून दिलं. ज्या पदार्थावर आपण नागपूरचं नाव लावून छाती फुगवतो, त्यात नागपूरचं काय? पाणी. आणि गॅस पेटवणारा माणूस, तोही मूळचा रिव्याचा.

आता दुसरी बाजू बघा. या शहराच्या दीडशे किलोमीटरच्या घेऱ्यात काय पिकत नाही? भंडारा साठ किलोमीटरवर, तिथून गोंदियापर्यंत नुसतं धान. तरी पोहे छत्तीसगडचे. भिवापूर सत्तर किलोमीटर, तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, तरी तर्रीत तेजा. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला तेच मानांकन. तूर, चणा सगळीकडे. पूर्वेला मामा (माजी मालगुजारी) तलावांत मासोळी आणि शिंगाडे. पण कोणत्याही मासोळी बाजारात जा, बर्फाच्या पेट्यांतून उतरतो तो आंध्रचा कतला.

आणि ज्वारी. माझं आजोळ उमरेडकडचं. आजीच्या घरात ज्वारीची कणगी होती, आम्ही पोरं तिच्यामागे लपायचो. आज त्याच वावरात सोयाबीन आहे. सोयाबीन गावात कोणी खात नाही. त्याचं तेल काढतात, ढेप कोंबड्यांच्या खाद्याला जाते, काही परदेशी जाते. आणि एवढं सोयाबीन पिकवूनही देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो.

माझं म्हणणं सरळ आहे. शहरानं आपलं निम्मं अन्न तरी आपल्या घेऱ्यातून घ्यावं. घरी जमत नसेल तर निदान वसतिगृहं, कॅन्टीन, लग्नाचे केटरर यांच्यापासून सुरुवात व्हावी. जे शहर आपल्या आजूबाजूचं खात नाही, त्याला आजूबाजूला पाऊस पडला काय न पडला काय, सारखंच. विरोधी मत असेल तर बिनधास्त मांडा.

तर्रीबाज

बाकी सगळं राहू द्या, ठेला कोणता ते सांगा ना भाऊ. तर्री वरून मागितली तर पैसे घेतो का?

आडत_कळमना

तिसऱ्या पिढीत आडत आहे, त्यामुळे माझं मत विकलेलं आहे असं समजूनच वाचा.

किलोमीटर मोजून काही सिद्ध होत नाही. डिझेल मोजा. आग्र्याहून ट्रक निघतो तो सोळा टन बटाटा घेऊन. नऊशे किलोमीटर, लिटरला चारचा अॅव्हरेज धरा, सव्वादोनशे लिटर झालं. किलोमागे चौदा मिलिलिटर. आता तुमच्या घेऱ्यातला शेतकरी घ्या. पन्नास किलोमीटरवरून छोट्या पिकअपमध्ये आठशे किलो माल आणतो. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, बाराच्या अॅव्हरेजनं आठ-साडेआठ लिटर. किलोमागे दहा मिलिलिटर. फरक पडला चार मिलिलिटरचा. आणि तुम्ही तुमच्या स्कुटीवर सात किलोमीटर लांबच्या 'शेतकरी ते ग्राहक' बाजारात जाऊन चार किलो भाजी आणता ना, तिथे जातात तीनशे मिलिलिटर. किलोला पंचाहत्तर! सगळ्यात महाग वाहतूक तुमचीच आहे, आग्र्यावाल्याची नाही.

दुसरं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा या घेऱ्यात पालकाचं पान उभं राहत नाही. टमाटर संगमनेरहून येतात, कधी मदनपल्लीहून. ते आले नाहीत तर तुम्हीच भावाच्या बातम्यांखाली येऊन 'व्यापारी लुटून राहिले' म्हणून लिहिणार.

तिसरं. बटाटा, मिरची, शेंगदाणा यांतलं एकही पीक या मातीचं नाही, सगळं अमेरिका खंडातून आलेलं. संत्रासुद्धा रघुजी भोसल्यांनी बाहेरून आणून लावला असं सांगतात. दूरचं म्हणजे परकं, हा हिशेब कुठून सुरू करायचा?

झिरोमाईल

@आडत_कळमना, डिझेलचा हिशेब मान्य, आणि स्कुटीचा टोमणाही पोचला. पण मी डिझेलबद्दल बोललोच नव्हतो. ठेल्यावरच्या पंचवीस रुपयांपैकी भिवापूर-उमरेडच्या खिशात किती जातात, हा माझा प्रश्न आहे. आणि संत्रा बाहेरून आला हे खरं, पण तो इथे लावला, इथेच पिकवला. ट्रकमधून रोज उतरवला नाही.

आकडेमोड

धुराचा मुद्दा निघालाच आहे म्हणून. जगभरातल्या अडतीस हजारांहून जास्त शेतांची माहिती घेऊन २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास आला होता. त्याच्या आकडेवारीनुसार अन्नामुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास. बाकी सगळं शेतात, गोठ्यात, जंगल तोडण्यात. भंडाऱ्याच्या पाणी साचवलेल्या धानाच्या बांधीतून जो मिथेन निघतो, तो जवळून निघाला म्हणून कमी होत नाही. काय खाता ते महत्त्वाचं, कुठून आणता ते दुय्यम.

गोरेवाडा_पहाट

@आकडेमोड, अर्धवट सांगू नका. २०२२ मध्ये दुसरा अभ्यास आला. त्यांनी खतं, यंत्रं, चारा यांची ने-आणही धरली आणि वाटा निघाला १९ टक्के. सहा की एकोणीस, हे कुंपण कुठे घालता त्यावर आहे.

आकडेमोड

बरोबर. तरी उरलेले एक्क्याऐंशी दुसरीकडेच आहेत ना?

भूगोलाच्या_बाई

निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण हा विषय पाहून खडू हातात घ्यावासा वाटला.

योहान फॉन थ्यूनेन नावाच्या एका जर्मन जमीनदारानं १८२६ साली मांडलं होतं की शहराभोवती शेतीची वलयं पडतात. अगदी लगत दूध आणि भाजी, कारण ती नासतात. त्यानंतर जळाऊ लाकडाचं रान, कारण ते जड. मग धान्य. सगळ्यात बाहेर गुरं, कारण ती स्वतःच्या पायांनी बाजारात येतात. मी हे शिकवायची तेव्हा फळ्यावर मधे सीताबर्डी काढायची आणि मुलांनाच विचारायची, तुमच्या घरी दूध कुठून येतं? माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली मुलं गोरेवाडा, वाडी, हिंगणा अशी नावं सांगायची. दूधवाला सायकलवर, दोन्ही बाजूंना कॅन. निवृत्तीच्या वर्षी एका मुलीनं उत्तर दिलं, "पिशवीतून". त्या मुलीचं काही चुकलं नव्हतं. बर्फ आणि डांबरी रस्ता आला की थ्यूनेनची वलयं विस्कटतात. जिथे दूध होतं तिथे आता ले-आऊट आहेत.

पण झिरोमाईल, तुमचा 'घेरा' मला थोडा घाबरवतो. आपलं शहर एकेकाळी खरंच घेऱ्यातलंच खात होतं. छत्तीसगडात धान स्वस्त आणि इथे महाग, तरी मधे बंजाऱ्यांचे बैल सोडले तर ते आणायला साधन नव्हतं. १८६७ मध्ये मुंबईकडून रेल्वे आली. त्यामुळे भूक संपली का? नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांत मध्य प्रांतात माणसं अन्नावाचून मेली, आणि तेव्हा रेल्वे होती. तिच्यातून धान्य आत येत होतं तसं चांगल्या वर्षांत बाहेरही जात होतं. जिथे पैसा जास्त तिकडे. म्हणून रेल्वेला देवीही म्हणू नका आणि डाकीणही. पण ज्या साली घेऱ्यात पीक बुडेल, त्या साली घेऱ्याबाहेरचा रस्ता उघडा हवा, एवढं तरी मान्य कराल?

झिरोमाईल

बाई, एकदम मान्य. मी निम्मं म्हणालो होतो, सगळं नाही.

संत्रावाला_वरूड

मी वरूडचा. माह्यापाशी चारशे झाडं हायेत. तुमचं सारं वाचलं, भल्लं गोड लिहता. आता मले एक सांगा. तुमी नागपूरवाले घेऱ्यातलं खाल, त्याच न्यायानं दिल्लीवाला दिल्लीच्या घेऱ्यातलं खाईन, कलकत्त्यावाला तिकडचं. मंग माह्या संत्रा खाईन कोन? वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड मिळून जेवढा माल निंघते तेवढा नागपूरच्या लोकायनं सकाळ-संध्याकाळ खाल्ला तरी संपनार नाई.

आमी दूरच्या खानाऱ्यावरच जगतो. बांगलादेश आमचा मोठा गिऱ्हाईक. त्यायनं आयात शुल्क लावलं. २०१९ ले किलोमागं २० रुपये होतं, वाढवत वाढवत २०२३ ले ८८ वर नेलं. त्या साली आंबिया बहाराचा माल झाडावर लटकून होता अन् बाग पाहाले व्यापारी येईना. जो आला त्यानं मोठ्या फळाचा भाव केला अन् बारीक चुरी फुकटात मागतली. ढाक्यात कोन्या साहेबानं कागदावर सही केली, त माह्या पोरीची फी थांबली. हेच तुमचं किलोमीटरचं राजकारन. तुमाले दूरचं नको वाटते, मले दूरचंच पाह्यजे.

आडत_कळमना

शंभर टक्के. 'आपलं आपल्यापुरतं' ऐकायला छान वाटतं. जो फक्त विकत घेतो त्यालाच ते परवडतं.

भूजल_बघा

संत्रावाले भाऊ, राग मानू नका, पण तुमची दुसरी बाजू कोणीतरी लिहायला हवी. वरूड-मोर्शीत भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त आहे हे वर्षानुवर्षं सरकारी कागदावर आहे. विहिरी आटल्या म्हणून बोअर, बोअर आटला म्हणून आणखी खोल बोअर. तुम्ही बांगलादेशाला संत्रा पाठवत नाही, सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी सालीत भरून पाठवता. आणि ते पाणी परत येत नाही. घेऱ्याचा विचार केला असता तर त्या पट्ट्यात एवढी झाडं लागलीच नसती.

संत्रावाला_वरूड

पानी माह्यं हाय का तुमचं? बोअर हजार फुटाले गेला हे मले तुमी सांगनार? खाली पाइप सोडताना मी उभा होतो. दोन दिवस नुसती भुकटी वर आली, तिसऱ्या दिवशी शेंबडावानी धार लागली, तिचे पैसे मी अजून फेडून राहिलो.

अन् संत्र्याले पानी कवा द्यायचं नाई हे तुमाले माहीत हाय का? बहार धरासाठी झाडाले तान द्या लागते. पानी तोडाचं, पानं मलूल होईस्तोवर झाड तसंच ठेवाचं, मंग तान तोडला की फूल येते. आंबियाचं जानेवारी-फेब्रुवारीत, मृगाचं पावसाच्या तोंडावर. पानी जपून वापरनं आमी पुस्तकातून नाई शिकलो. झाड लावलं की पाच वर्सं पोसा लागते तवा फळ देते. तुमी लेख वाचून मत बदलवता, मी झाड बदलवू शकत नाई.

भूजल_बघा

तसं मला म्हणायचं नव्हतं. नव्या लागवडीबद्दल बोलत होतो.

संत्रावाला_वरूड

त मंग तसं लिहा.

मानेवाड्याची_वहिनी

इतका वेळ फक्त पिकवणारे आणि विकणारे बोलून राहिले. रांधणारीचं कोणी विचारलंच नाही, म्हणून दोन शब्द.

ज्वारी खा म्हणणं सोपं आहे. भाकरी थापते कोण? गव्हाच्या कणकेचा गोळा सकाळी भिजवून ठेवला तर रात्रीपर्यंत चालतो. ज्वारीचं पीठ महिन्यात कडवट होतं, उकळतं पाणी लागतं, एकेक भाकरी हातावर. माझ्या सासूबाई थापायच्या, त्यांना दुसरी नोकरी नव्हती. मला आहे. २०२३ चं भरड धान्य वर्ष मोठ्या थाटात साजरं झालं, आमच्या ऑफिसातही ज्वारीचे लाडू वाटले. ते बाहेरून मागवले होते, अर्थातच.

दुसरं म्हणजे माझ्याकडे कामाला येणारी ताई. तिला रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, माणशी पाच किलो, २०२३ पासून फुकट. ती पैसे मोजून ज्वारी का आणेल? तिचा गहू पंजाबचा की मध्य प्रदेशचा, हे तिला विचारून पाहा बरं. ज्याला परवडतं त्याच्या ताटाचा नकाशा आणि ज्याला नाही त्याच्या ताटाचा नकाशा एकच धरू नका.

आणि मॉलमधून 'देशी ज्वारी' म्हणून मी जी आणते ती सोलापूरकडची मालदांडी असते. म्हणजे घेऱ्याबाहेरचीच!

वावरात_उमरेड

वहिनींनी बरोबर जागी बोट ठेवलं. मालदांडी पांढरी का आणि आमची ज्वारी काळपट का, ते सांगतो.

सोलापूरची ज्वारी रब्बीची. थंडीत निसवते, कोरड्यात पिकते, दाणा मोत्यासारखा. आमच्याकडे ज्वारी खरिपाची. कणीस भरलं आणि परतीचा पाऊस आला की दाण्यावर बुरशी चढते, काळी पडते. बाजारात नेली तर जनावराच्या खाद्याचा भाव. ही पहिली गोष्ट.

दुसरी, रानडुक्कर. झिरोमाईल भाऊंच्या आजीच्या काळी गावातल्या सगळ्यांच्या वावरात ज्वारी असायची. डुकरांनी खाल्ली तरी वाटून खायचे. आता शंभर एकरांत तुम्ही एकट्यानं एक एकर पेरली, तर अख्ख्या शिवारातली डुकरं आणि पाखरं तुमच्याच घरी पाहुणी. मी २०१९ ला करून पाहिलं. मचाण बांधलं, रात्री डबे वाजवले, जुन्या साड्यांचं कुंपण केलं. सव्वीस रात्री जागलो. एका रात्री मावसभावाच्या लग्नाला गेलो. सकाळी येऊन पाहतो तर वावरात आडवी पडलेली धांडी, आणि कणसं चावून थुंकल्यासारखी. डुक्कर खाते थोडं, नासवते जास्त.

तिसरी, कडबा. ज्वारी काही नुसत्या दाण्यासाठी पेरत नव्हते, बैलांसाठी पेरत होते. बैल गेले, ट्रॅक्टर आला, ट्रॅक्टर कडबा खात नाही.

सोयाबीन शंभर-एकशेपाच दिवसांत निघते आणि दिवाळीला रोख हातात देते. गावात कोणी खात नाही म्हणता, खरं आहे. पण दुकानदाराची उधारी सोयाबीननंच फिटते.

झिरोमाईल

हे मला खरंच माहीत नव्हतं. बैल आणि ज्वारीचा संबंध मी कधी जोडलाच नाही. कणगी आठवली, गोठा विसरलो.

मांढळची_भाची

भिवापुरी मिरचीबद्दल: माझी मावशी मांढळला सातऱ्यावर जाते. सातरा म्हणजे जिथे वाळलेल्या मिरचीचे देठ खुडतात ते मोकळं मैदान. बायका ओळीनं बसतात, तोंडाला पदर, किलोच्या हिशेबानं मजुरी. घरी आल्यावर ती दोन तास कुणाच्या डोळ्याला हात लावत नाही, स्वतःच्याही नाही. आधी तिथे आजूबाजूच्या गावांची मिरची यायची. आता चुरडा-मुरडा रोगानं झाडं आकसतात, फवारणी परवडत नाही, म्हणून लोकांनी कापूस-सोयाबीन धरलं. पण सातरा बंद नाही पडला! बाहेरच्या राज्यांतून मिरची ट्रकनं येते, मावशी देठ खुडते, आणि मिरची पुढे निघून जाते. तुमच्या 'दूरच्या' तेजा मिरचीवर माझ्या मावशीचं पोट आहे. हिला कोणत्या घेऱ्यात बसवाल?

तर्रीबाज

मावशीला सलाम. आता तर्री खाताना डोळ्यांत पाणी आलं तर तिखटानं नाही म्हणून सांगीन.

दवाखाना_भंडारा

एक आठवण करून देतो. जवळचं ते पौष्टिक, हे समीकरण आमच्या जिल्ह्यात तरी लावू नका. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत लाखोळी फेकतात. ना नांगर, ना पाणी, कसंही उगवते. गरिबाची डाळ. जुन्या काळी मजुरीही लाखोळीतच द्यायचे. दुष्काळात दुसरं काही नसताना महिनोन्‌महिने तीच पोटात गेली की पाय लुळे पडायचे. म्हणून १९६१ मध्ये विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्रानं ती २००८ मध्ये उठवली, कमी विषाच्या जाती आल्या होत्या आणि इतर अन्नाबरोबर थोडी खाल्ली तर त्रास होत नाही असं म्हणणारे होते. मी दोन्ही बाजू ऐकल्या आहेत. लाखोळी वाईट म्हणून पाय गेले नाहीत, दुसरं काही पोचलं नाही म्हणून गेले. बाई रस्त्याबद्दल म्हणतात ते हेच.

गोरेवाडा_पहाट

पण डॉक्टर, त्याच जिल्ह्यातले मामा तलाव विसरू नका. कोहळी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधले, धानाला पाणी आणि वर मासोळी-शिंगाडा. तिथल्या ढिवर मासेमारांची मासोळी नागपूरला पोचत नाही, कारण त्यांच्याकडे बर्फ आणि गाडी नाही. आंध्रवाल्याकडे आहे. म्हणजे साठ किलोमीटर लांब पडतात आणि सातशे जवळ. इथे तरी झिरोमाईलचं म्हणणं खरं आहे. अंतर किलोमीटरचं नसतंच, बर्फाच्या कारखान्याचं असतं.

आडत_कळमना

यावर मी वाद घालणार नाही. तलावाची मासोळी चवीला वेगळीच. बर्फ आणा, आम्ही विकून देतो.

पुण्यात_नागपूरकर

तुम्ही सगळे संत्र्याबद्दल बोलता. मला इथे पुण्यात थंडीत 'नागपूर संत्रा' म्हणून चक्क किन्नू विकतात. कॅलिफोर्नियात तयार झालेलं, पंजाबात वाढलेलं फळ, नाव आपलं! साल निघता निघत नाही, बियाच बिया. २०१४ मध्ये मानांकन मिळून काय उपयोग झाला?

संत्रावाला_वरूड

बिया आमच्यातबी हायेत दादा, खोटं काहून बोलू. पन आमचं साल अंगठ्यानं निंघते, पोट्ट्याले चाकू द्या लागत नाई.

झिरोमाईल

दोन दिवस सगळं वाचून पुन्हा वही काढली. माझं मूळ वाक्य, 'निम्मं अन्न घेऱ्यातून', मी मागे घेत नाही. पण कॅन्टीनला सांगून ते होणार नाही, इतकं कळलं. आधी पेरणाऱ्याला विचारायला पाहिजे.

@वावरात_उमरेड, मी आमच्या सोसायटीत आणि ऑफिसात विचारलं. बारा घरं तयार आहेत. घरटी वर्षाला सव्वा क्विंटल धरली तर पंधरा क्विंटल ज्वारी. म्हणजे दीड एकर व्हावी. पेराल का?

वावरात_उमरेड

पेरीन. भाव बोला.

झिरोमाईल

बाजारात जो असेल त्यापेक्षा किलोला पाच रुपये जास्त.

वावरात_उमरेड

बाजारात कोणत्या ज्वारीचा? पांढऱ्या मालदांडीचा की काळ्या पडलेलीचा? पाऊस लागला तर माझी काळीच पडणार, आधी सांगून ठेवतो.

मानेवाड्याची_वहिनी

बारा घरांत माझंही एक आहे. काळी पडलेली मी घेणार नाही बाप्पा. भाकरी कडवट लागते, पोरं तोंड वळवतात.

झिरोमाईल

काळी पडली तर भाव थोडा कमी करून घेऊ की.

आडत_कळमना

हे असंच असतं. माल पाहून भाव पाडायचा. आडतीत स्वागत आहे, झिरोमाईल.

झिरोमाईल

… बरं. पेरणीआधी एकच भाव ठरवू, काळी निघो की पांढरी. वहिनी, तुम्हाला चालत नसेल तर अकरा घरं.

मानेवाड्याची_वहिनी

राहू द्या बारा. काळी निघाली तर मी आंबील करीन. पण दळून द्यायची जबाबदारी कोणाची?

वावरात_उमरेड

दळण तुमचं. मी गोणी मानेवाड्यापर्यंत आणून देईन, पिकअपचं भाडं बारा घरांत. मृग लागायला अजून वेळ आहे, बियाणं मी पाहतो. दीड एकराला जाळीचं कुंपण लागते. जुन्या साड्यांनी काय होते ते वर लिहिलंच आहे. त्याच्या पैशाबद्दल अजून कोणी काही बोललं नाही.